ओचा सोड

"ओचा सोड," काकू म्हणाल्या.

वैष्णवीने सोडला नाही. फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत पोटाशी धरून ती पाटावर तशीच उभी राहिली. सहा वर्षांची पोर. थोड्या वेळापूर्वी याच काकूंनी तिचे पाय ताम्हणात धुतले होते, कुंकू लावलं होतं, वाकून नमस्कार केला होता. अष्टमीची कुमारिका म्हणून. देवी म्हणून.

"सोड म्हणते ना!"

तिने सोडला. दीड पुरणपोळी फरशीवर पडली.

"किस्नाला हाय," ती म्हणाली.

मी फाटकाबाहेर उभी होते. कृष्णा माझ्या कडेवर होता. तिचा भाऊ, अडीच वर्षांचा. त्याला पोळी दिसली. तो रडला नाही, नुसतं तोंड उघडून मिटलं. हे पोरगं रडायचंच नाही. रडून कुणी येत नाही, हे त्याला बोलता यायच्या आधीच कळलं होतं.

"इथं बसून कितीबी खा," काकू तिला म्हणाल्या. "पण देवीचा परसाद त्यांच्या घरात न्यायचा न्हाई. हे आता गाईला जाईल."

त्यांच्या घरात म्हणजे माझ्या घरात. आम्ही बौद्ध. जालन्यात एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या आहेत. नवरा रोलिंग मिलमध्ये, मी बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला. मूलबाळ नाही. ही दोघं बालकल्याण समितीने आम्हाला सांभाळायला दिली, दत्तक नाही. आई सोडून गेलेली, बाप शहागडच्या रस्त्यावर कुठल्यातरी ढाब्यामागे पिऊन पडलेला. पोरांना खोलीत कोंडून जायचा, दोन दोन दिवस. वैष्णवी घरात काय असेल ते ओलं करून कृष्णाला भरवायची. चुलते त्याच गल्लीत राहत होते. भरल्या घरचे. त्यांनी दार उघडलं नाही.

मुलं आमच्याकडे आली तेव्हा वैष्णवीच्या डोक्यात उवांचं रान होतं, कृष्णाच्या जांघा सोलून निघालेल्या. मी अगदी देवमाणसासारखं वागायचं ठरवलं होतं. पण खरं सांगते, चारच दिवसांत टेकीला आले. ती माझ्यासमोर जेवायचीच नाही. ताट पुढे ठेवलं की अर्धं झाकून ठेवायची आणि मी पाठ फिरवायची वाट बघत बसायची. कृष्णाला मी भरवायला गेले की माझा हात ढकलायची. त्याची आई तीच होती. मी कोण?

तिसऱ्या दिवशी तिचं अंथरूण झटकलं तर भाकरीचे तुकडे पडले. बुरशी आलेले, मुंग्या लागलेले. माझं डोकं फिरलं. म्हणाले, "घाण सवय हाय ही. ह्या घरात असं लपवायचं न्हाई." आणि तिच्यादेखत ते तुकडे कुत्र्याला टाकले. ती कुत्र्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चांगली शिस्त लावली.

आठव्या दिवशी काकू आमच्या दारात आल्या. कोपऱ्यावरच्या दुमजली घरातल्या. वस्तीत कुणाचं काही असलं की यांचा शब्द शेवटचा. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी वैष्णवीला गाव विचारलं, आडनाव विचारलं. चेहरा खुलला.

"आपल्यातलीच हाय की ही! उद्या कुमारिका म्हणून पाठव."

आमच्यात हे करत नाहीत. माझ्या आजोबांनी देव विसर्जित केले तेव्हापासून नाही. पण समितीच्या ताईंनी बजावून सांगितलं होतं, मुलांच्या घरच्या चालीरीती तोडू नका. आणि वैष्णवी, जिने आठ दिवसांत माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, ती म्हणाली, "मला पोळी पायजे." मी पाठवलं. वेणी घालून, रिबीन बांधून पाठवलं. तो उंबरा मला नवीन नव्हता, तरी पाठवलं.

असाच एक उंबरा मी तिच्या वयाची असताना पाहिला होता. घनसावंगीकडच्या आमच्या गावात, मालकाच्या घरी लग्न. आई सकाळपासून भांडी घासत होती. निघताना माझ्यासाठी बुंदीचे दोन लाडू पदराला बांधले. मालकीण चार बायकांसमोर म्हणाली, "पदर सोड." आईने सोडला. लाडू कुणाला गेले मला आठवत नाही. आईची बोटं आठवतात. गाठ घट्ट बसली होती, सुटता सुटत नव्हती, आणि सगळ्या बायका बघत होत्या. घरी येताना मी आईला काही विचारलं नाही.

आणि आता फाटकाबाहेर उभी राहून मी पुन्हा गप्पच होते. चाळीस वर्षांची बाई. लाज वाटते सांगायला.

"ते पोरगं दे आत," काकू म्हणाल्या. "त्यालाबी खाऊ घालते. लेकरू आपलंच हाय. तू तिथंच थांब."

कृष्णा भुकेला होता. त्याला दिलं असतं तर पोटभर पुरण खाल्लं असतं त्याने. मी हात पुढे केलेसुद्धा. तेवढ्यात वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. तिच्या नजरेत आम्हा दोघींत काही फरक नव्हता. एक कुत्र्याला टाकणारी, एक गाईला.

मी फाटक उघडलं. चपला घालूनच आत गेले.

"आत कोण ये म्हणलं तुला?"

"माझं लेकरू आत हाय. न्यायला आले."

"तुझं? कवापासून तुझं?"

"आठ दिवसांपासून. त्याच्या आधी सहा वर्षं तुमच्यातलंच होतं ना, काकू? तवा कुठं गेल्ता तुम्ही सगळे?"

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "अर्ज देते तुझ्यावर. देवीच्या ताटावरून लेकरू उठवलं म्हणून. लेकरं काढूनच घ्यायला लावते, बघ."

मी वाकून ती दीड पोळी उचलली, पदरात बांधली. त्यांच्यासमोर. मग एक पोरगं कडेवर, एक हाताला, अशी बाहेर पडले. वैष्णवीचा हात माझ्या हातात होता, पण तिने माझा धरला नव्हता.

मला वाटलं होतं, घरी आल्यावर ती मला बिलगेल. तसं काही झालं नाही. दारात पाय ठेवताच ती थांबली. फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी धरून तिने माझ्यासमोर पसरला. तुपाचा डाग तेवढा होता.

"काई आणलं न्हाई," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि रडले. ती बघत उभी राहिली.

पदर सोडून पोळी तिच्यासमोर ठेवली. घरातला झाकणाचा स्टीलचा डबा धुतला, त्यात दोन भाकरी घातल्या आणि तोही ठेवला. म्हटलं, "ते तुकडे टाकले, ते माझं चुकलं. हा डबा तुझा. किती ठेवायचं, कुठं ठेवायचं, किस्नाला कवा द्यायचं, तू ठरव. कुणी उघडून बघणार न्हाई. मीबी न्हाई."

पोळी तिने कृष्णाला भरवली, सगळी. डब्याला हात लावला नाही. आज तीन दिवस झाले, डबा तिथंच आहे. रोज मी कालच्या भाकरी काढून ताज्या ठेवते, तिला सांगून, तिच्यासमोर.

काकूंनी अर्ज दिला. सोमवारी समितीच्या ताई चौकशीला येणार आहेत. नवरा म्हणतो, "नमतं घे. काकूंची माफी माग. न्हाईतर लेकरं जातील." जाऊ शकतात. पण माफी मी एकदाच मागितली आहे, आणि जिची मागायची तिची मागितली आहे. ताईंना मी आधी कुत्र्याला टाकलेल्या भाकरीचं सांगणार. मग गाईला जाणाऱ्या पोळीचं. काही लपवणार नाही. त्यांनी काय लिहायचं ते लिहावं.

माझ्या आईने पदर सोडला. वैष्णवीने ओचा सोडला. आता ही पोर माझ्या दारात असेतोवर तिला पुन्हा कुणी ओचा सोड म्हणून बघावं.