प्रिमरोझ माजावर येईना

अट्रॅक्टा आईच्या अंगाखालची चादर बदलत होती. अर्धी निघाली तोच गोठ्यात वासरू हंबरलं, आणि ती चादर तशीच सोडून पलंगाच्या कडेला टेकली.

"डेलिया, मॅमीला जरा तू धर गं. माझ्यात त्राण नाही."

चर्चमधली मिस्सा आटोपून परतताना मी रोज त्यांच्याकडे डोकावते. वडील गेल्यापासून आई आणि गाई दोन्ही हिच्याच गळ्यात. भाऊ फिन्टन रविवारी येतो, हुकूम सोडतो, जातो. या रविवारी म्हणाला, "गवत कापायच्या आत ती लाल गाय माजावर आली नाही तर तिला बाजार दाखवतो. भाकड जनावर पोसायला हा काय मठ आहे?"

ती लाल प्रिमरोझ तेवढी अट्रॅक्टाची स्वतःची, वडिलांनी दिलेली. ऐन थंडीत व्याली, कुबट गवतावर बरगड्या निघाल्या, त्यात वासरू दिवसभर लुचतंय. बाकीच्या गाई केव्हाच माजावर येऊन गेल्या.

"वासरू लांब बांध," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ पाज, बास. सारखं लुचत राहिलं तर ती माजावर यायची कशी?"

"बांधलं होतं गं. ते ओरडलं की मॅमी रडते. म्हणते, पोर रडतंय, कुणी घेत का नाही?"

मग वासरू मीच टेकडीपलीकडे आमच्याकडे आणलं. अट्रॅक्टा दोन्ही वेळा त्याला पाजायला न्यायची, परत आणून सोडायची. प्रिमरोझला जवाचा भरडा चालू केला. मी गोठ्याच्या दाराला गुरं राखणाऱ्या संत ब्रिजिदची फीत बांधली, रोज माळ जपली. चालून चालून अट्रॅक्टाचे पाय सुजले.

आज सकाळी आम्ही म्हातारीला खिडकीशी बसवलं. बाहेर बघता बघता ती ओरडली, "ए बाई, त्या लाल गाईवर दुसरी चढतेय, तरी ही हलत नाही. आली बघ माजावर!"

"नक्की ना, मॅमी?"

"गाई मला कळतात. तू कोण गं?"

अट्रॅक्टा हसली, मग डोळे पुसले.

"देवाची कृपा," मी म्हटलं.

"त्याला म्हणावं, आता एक रात्र झोपूही दे."

आईची शाल नीट करून तिनं सुजल्या पायांत बूट कोंबले. माज उतरायच्या आत गाय भरवायला रेतनवाल्याला आजच बोलवायचं होतं. ती पोस्टात फोन करायला निघाली.