बापटांचं खात्रीचं पिस्तूल

परदेशातल्या आमच्या टाकानिनी उपनगरात नवीन पाहुण्याला घर दाखवताना लोक आधी किचन दाखवतात. विनायक बापट आधी तिजोरी दाखवत. भिंतीला बोल्टांनी आवळलेली, जाड पोलादी. आत मखमलीवर जुनी पिस्तुलं ओळीनं निजलेली. त्यातलं एक, दुसऱ्या महायुद्धातलं, ते तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचलत आणि म्हणत, “हे खात्रीचं. ऐन वेळी दगा देणार नाही.”

टाकानिनीत ऐन वेळ कशी येणार, हे मला कधी कळलं नाही. वाऱ्यानं कुणाचा कचऱ्याचा डबा आडवा झाला, तर आमच्या गल्लीला तो विषय आठवडाभर पुरतो. शिवाय बापटांचा परवाना संग्राहकाचा. इथल्या कायद्यानं संग्रहातल्या पिस्तुलातून गोळी झाडता येत नाही. आतला एक महत्त्वाचा भागसुद्धा काढून वेगळा कुलपात ठेवावा लागतो. म्हणजे बापटांनी त्यातलं एकही कधी उडवलेलं नव्हतं. त्यामुळेच बहुधा त्यांचा विश्वास अढळ राहिला. पेशानं ते फार्मासिस्ट. गिऱ्हाइकाला खोकल्याची साधी बाटली देतानाही चार शंका काढायचे. “औषधाचं काही सांगता येत नाही हो,” ते मला म्हणत, “एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही. यंत्राचं तसं नसतं.”

मग त्यांच्या आई सांगलीहून मुक्कामाला आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, ऐकायला कमी, बोलायला खणखणीत. मी चहाला गेलो होतो, तेव्हा तिजोरीदर्शन चाललं होतं.

“विनू, हे कधी वाजवून बघितलंस का?”

“आई, वाजवायचं नसतं. कायदा आहे.”

“मग खात्रीचं कशावरून?”

बापटांनी कारखान्याची परंपरा सांगितली, पोलादाचा दर्जा सांगितला, स्प्रिंगची ताकद सांगितली. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पुड्यातला फटाकाही चांगलाच दिसतो रे.”

हे बापटांना लागलं. त्यांनी पिस्तूल क्लबात नाव घातलं. महिनोन्‌महिने प्रशिक्षण घेतलं, पोलीस घर पाहून गेले, नवी परवानगी मिळाली आणि ते महायुद्धातलं पिस्तूल क्लबात वापरण्यासाठी मोकळं झालं. तोवर आईंचा व्हिसा वाढवून घेतला होता. साक्षीला त्याच हव्या होत्या.

ते पहिल्यांदा उडवायचं ठरलं, त्या रविवारी मीही क्लबात गेलो. आई मागे घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावरच्या पदरावरून कानांना आवाज अडवणारे मफ्स, स्वतःच्या चष्म्यावर क्लबचा चष्मा. पहिली गोळी सुटली. बापटांची छाती फुगली. दुसरी अडकली. ती काढली, तर तिसरी अडकली. नेमबाजीच्या रेंजवरची अधिकारी, एक दणकट माओरी बाई, शांतपणे म्हणाली, “नो वरीज, मेट. हॅपन्स हीप्स.” म्हणजे काळजी नको, असं खूपदा होतं. शेजारच्या माणसाचं कुठलंसं स्वस्तातलं नवं पिस्तूल टकाटक चाललं होतं. चौथीही अडकली, तेव्हा त्यांनी पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं आणि आईंसमोर येऊन उभे राहिले. साठीतला माणूस, पण निकालपत्रक घेऊन आल्यासारखा दिसत होता.

आई केव्हापासून हसत होत्या. मफ्स काढत म्हणाल्या, “अरे, एक उडाली ना! तुझ्या बाबांची स्कूटर पहिल्या किकला कधी सुरू झाली होती का? तरी तिच्यावरूनच तुम्हा दोघा भावांना शाळेत सोडलं त्यांनी.”

बापट असे काही हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्या उन्हाळ्याअखेर आई सांगलीला परतल्या. पुढच्या वर्षी तिकडेच वारल्या. बापट दिवसकार्य आटोपून आल्यावर मी भेटायला गेलो. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. क्लबातल्या कुणीतरी काढलेला आईंचा फोटो होता, मफ्स घातलेला, तोंडभर हसतानाचा.

“पहिल्या गोळीच्या वेळचा?” मी विचारलं.

“नाही हो,” बापट म्हणाले, “चौथी अडकली तेव्हाचा.”