अकरा मिनिटांची ओवी

आजवर मी एकाच चित्रपटाला संगीत दिलं. दिग्दर्शक माझा वर्गमित्र. शिरवळला कारखान्यात शिफ्ट करायचा आणि सुट्ट्या साठवून जतकडं शूटिंगला पळायचा. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट. नट ओळखीचे नाहीत, पाठीशी कुणी बडा निर्माता नाही. मी सांगलीत शाळेत संगीत शिकवतो. त्यानं विचारलं तेव्हा मी आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत, कारण पाहुण्यांसाठी स्वागतगीतं बसवून बसवून मला वीट आला होता.

चित्रपटाच्या शेवटी धनगरी ओवी हवी होती. जतजवळच्या वस्तीवरचे एक म्हातारे धनगर ती म्हणतात असं कळलं. त्यांना सगळे आबा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ते आधी नाहीच म्हणाले. आम्ही तीन खेपा घातल्या तेव्हा कुठं तयार झाले.

आमचा स्टुडिओ म्हणजे कुपवाडमधलं एका मित्राचं लेथचं वर्कशॉप. सुट्टीच्या दिवशी मशिनींवर गोधड्या टाकल्या, खिडक्यांना पोती लावली. आबांनी खुर्ची बाजूला सारली आणि खाली घोंगडं अंथरलं. मी म्हणालो, ‘‘आबा, नमन नको. मधूनच सुरू करा.’’

‘‘देवाला सोडून कुटनं सुरू करू?’’ ते म्हणाले, आणि नमनापासूनच सुरुवात केली.

अकरा मिनिटं म्हणाले. आवाज असा खणखणीत की माझ्या अंगावर काटा आला. फक्त एक गोष्ट मला खटकली. ओळ संपली की ते थांबायचे, गुडघ्यावर बोटं वाजवत राहायचे आणि मग पुढची ओळ उचलायचे. वय झालंय, दम पुरत नाही, असं मी मनात म्हटलं. तोंडानं मात्र छान छान म्हणालो.

घरी येऊन मी कात्री चालवली. कुणाचं काही कमी पडलं की ते गुपचूप सांभाळून घ्यायची मला मास्तरकीनं लागलेली खोड आहे. एकूण एक थांबा काढला, ओळीला ओळ जोडली, थोडं नमनही छाटलं. साडेचार मिनिटांची घोटीव ओवी झाली. दिग्दर्शक म्हणाला, ‘‘लय भारी, गड्या!’’ अल्बम काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीलाही पसंत पडली. मी चार दिवस हवेत होतो.

मग आबांना ऐकवायला म्हणून मोठ्या ऐटीत जतला गेलो. त्यांच्या सुनेनं चहा दिला. मी फोन उंबऱ्यावर ठेवला आणि ओवी लावली. आबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘‘माजा भाऊ कुटं गेला, मास्तर?’’

मला काही कळेना. सुनेनं सांगितलं. दोघं भाऊ जन्मभर जोडीनं ओव्या म्हणायचे. आबा पुढं, थोरला मागं. आबांची ओळ संपली की तिची शेपटी धरून थोरल्यानं झील ओढायची, ती संपली की आबांनी पुढची ओळ घ्यायची. दोन वर्षांपूर्वी थोरला गेला. तेव्हापासून आबांनी ओवी म्हटलेली नव्हती. आमच्या हट्टापायी पहिल्यांदा म्हणाले होते.

‘‘मी थांबलो न्हवतो, मास्तर,’’ आबा म्हणाले. ‘‘त्यो म्हणत हुता.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि मोजत बसलो. प्रत्येक थांबा तंतोतंत सारखा होता. प्रत्येकात गुडघ्यावरची बोटं तेवढीच वाजत होती. दम लागलेला माणूस असा थांबत नाही. हे पहिल्याच दिवशी माझ्या कानांना कळायला हवं होतं. त्याच दिवशी ठरवलं, ओवी जाईल तर अख्खी जाईल.

आम्ही दोघं पुण्याला गेलो, तेव्हा कंपनीच्या माणसानं ती घड्याळाकडं बघत ऐकली. ‘‘अकरा मिनिटं? आणि त्यात निम्मी शांतता? दोन पोरं घेऊन कोरस भरून टाका की.’’ मी म्हणालो, कोरस आहेच. माझा आवाज चढला असावा, कारण टेबलाखालून दिग्दर्शकानं माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि पुन्हा तेच म्हणालो. त्या माणसानं फाइल मिटली.

परत येताना आमची चांगलीच जुंपली. ‘‘पाच वर्षं घातलीत मी यात,’’ तो म्हणाला. ‘‘एका गाण्यापायी सगळं घालवू?’’

‘‘मग तूच जा आणि आबांना सांग, भाऊ बसला नाही म्हणून.’’

खंबाटकी घाटाच्या अलीकडं, शिरवळला उतरताना तो एवढंच म्हणाला, ‘‘आपणच काढू. पण ओवी शेवटाला ठेवायची. पहिलीच ठेवलीस तर लोक पळून जातील.’’ तेवढं मी मान्य केलं.

अल्बम आम्हीच नेटवर चढवला. शेवटची अकरा मिनिटं मी हातसुद्धा न लावता ठेवली. कितीजणांनी ऐकलं हे मी पाहत बसलो नाही, सरळ जतची एसटी धरली.

पुन्हा तोच उंबरा, तोच फोन. या वेळी शेजारपाजारचेही येऊन बसले होते. नमन सुरू झालं. पहिली ओळ संपली, मोकळी जागा आली, फोनमध्ये बोटं वाजू लागली. आणि उंबऱ्यावर बसलेल्या आबांनी, खालच्या आवाजात, झील धरली. थोरल्याची. बरोब्बर त्या जागेत मावली आणि लगेच फोनमधल्या आबांनी पुढची ओळ उचलली.

अकरा मिनिटं ते असेच मागं राहून म्हणत होते. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवलेही नाहीत.

संपल्यावर आबा बराच वेळ धापा टाकत बसले. सुनेनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरलं.

‘‘मागनं म्हणाया लय दम लागतोय, मास्तर,’’ ते म्हणाले. ‘‘त्यानं कवा सांगितलंच न्हाई.’’