जास्वंदीच्या पानाची कड

आमचं तळहाताएवढं कासव काकडीशिवाय कशाला तोंड लावत नाही. "नुसत्या काकडीनं पाठ मऊ पडेल, पाला खाऊ दे," असं म्हणून डॉक्टरांनी काकडी बंद केली, त्याला आज चौथा दिवस. मेथी झाली, शेवग्याचा पाला झाला. रोज मी भीत भीत त्याच्या पाठीला अंगठा लावून पाहते.

सकाळी जास्वंदीचं पान पुढे धरून मी चक्क "हा घास चिऊचा" म्हणत होते.

"अगं, ते कासव आहे," नवरा म्हणाला. पण त्याचाही आवाज बारीक झाला होता.

कासवानं मान आत घेतली. मूल उपाशी राहिलं तर रडतं तरी. हे नुसतं आत जातं.

दुपारी पाहिलं, तर पानाची कड कुरतडलेली! मी हरखले, आणि लगेच पान उचलून उजेडात धरलं. झाडावरून तोडताना ती कड धड होती का, काही केल्या आठवेना.