फाटकासमोरचे पांढरे पट्टे

सिंधूताईंच्या फाटकापासून शोभाच्या हिरव्या फाटकापर्यंत मोजून चाळीस पावलं. पण मधला रस्ता म्हणजे जिवावरचं काम! टिप्पर, ऑटो, कॉलेजच्या पोरांच्या गाड्या. उजवीकडे पाहावं तर डावीकडून कोणीतरी अंगावर येतं.

सिंधूताईंचे यजमान मनोहरराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला असतानाच दोघांनी इथं घर बांधलं. शोभाची मैत्री तेव्हापासूनची. संक्रांतीचं हळदीकुंकू शोभाकडे, आणि तिळाचे लाडू वळायला सकाळपासून सिंधूताई हजर, असा पंचवीस वर्षांचा रिवाज.

तीन वर्षांपूर्वी मनोहरराव गेले. वर्षश्राद्ध झालं, संक्रांत आली, तसा शोभाचा फोन आला. "रस्ता केवढा वाहून राहिला वं सिंधू! तुले काही झालं म्हणजे? तू नको येऊ, मी वाण पाठवते." वाण आलं, चहाची गाळणी. पुढच्या वर्षी तेच बोलणं, आणि स्टीलची डबी. सिंधूताई भोळ्या. "या मेल्या रस्त्यानं आमची ताटातूट केली," असं भाजीवालीपासून सगळ्यांना सांगत राहिल्या.

म्हणून या जानेवारीत तीन आठवडे रस्ता बदलून बघायचं पालिकेनं ठरवलं, तेव्हा हुरूप चढला तो त्यांनाच. पाहणीला आलेली मिनल सांगत होती, "काकू, कडेनं ट्रॅफिकचे नारिंगी कोन लावू, ओलांडायला पांढरे पट्टे मारू. गाड्या हळू होतील, चालणाऱ्यांना नि सायकलींना जागा मिळेल. लोकांना पटलं तर कायमचं करू."

"मंग पट्टे माह्या फाटकापासून त्या हिरव्या फाटकापर्यंत मार वं बाई," सिंधूताई म्हणाल्या. "मले हळदीकुंकवाले जायचं हाय."

मिनल हसली, पण पट्टे तिथंच मारले. रंगाऱ्यांना दोनदा चहा झाला.

आणि खरंच, गाड्या थांबायला लागल्या! शेजारचा गोलू सायकल घेऊन रस्त्यावर आला. सिंधूताईंनी तर तीनदा रस्ता ओलांडून, हिरव्या फाटकाला हात लावून परत येऊन पाहिलं. आत गेल्या नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं यावं लागतं, आणि ते येणारच होतं.

रथसप्तमी उजाडली. फोन काही वाजेना. चार वाजता नटूनथटून बायका निघाल्या, त्याच पट्ट्यांवरून. गडबडीत राहून गेलं असेल, सिंधूताईंनी मनाला समजावलं. मनाला तरी किती समजवावं, बाई! निळी रेशमी साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन त्या निघाल्या. एका कारवाल्यानं थांबून त्यांना वाट दिली.

दारातच शोभा उभी होती. "अगं बाई, सिंधू! तू कशी काय आली?"

"कशी म्हणजे? रस्ता मोकळा हाय ना आता."

शोभानं हातातला कुंकवाचा करंडा पदराआड घेतला. आतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. उंबऱ्यावरच तिनं तिळगूळ हातावर ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "वाण पाठवतेच मी."

तेव्हा कुठं सिंधूताईंच्या डोक्यात उजेड पडला. रस्ता बिचारा दोन वर्षं फुकट शिव्या खात होता. पायऱ्या कशा उतरल्या, डबा कुठं ठेवला, काही आठवत नाही त्यांना. घरी आल्यावर मनोहररावांच्या फोटोसमोर बसून त्या पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"सिंधू, राग नको धरू वं. चार बायकांचं तोंड कोण धरते? आज चहाले ये ना. आपण दोघीच बसू."

सिंधूताई खिडकीशी उभ्या होत्या. समोर नारिंगी कोन जागच्या जागी होते, गोलू सायकलवर गिरक्या घेत होता. पलीकडच्या बाल्कनीत फोन कानाला लावून शोभा उभी होती. तिलाही सगळं दिसत होतं.

"कशी येऊ वं शोभा," सिंधूताई म्हणाल्या, "ते लोकं कोन उचलून नेऊन राहिले. रस्ता ओलांडणं होत नाही आता माह्याच्यानं."

पलीकडे शोभानं कठड्यावरून वाकून जागच्या कोनांकडे पाहिलं.

"हो ना," शोभा म्हणाली. "रस्ता लयच वाहते वं."