हितसंबंधी साक्षीदार

रविवार होता. खोपटला एस.टी. डेपोमागे माझ्या सिनिअर वकिलांचं ऑफिस. आत पाच जण होतो: सिनिअर, शहाडचा एक जमीनमालक अशील, त्याची दोन माणसं आणि ज्युनिअर म्हणून मी. सिनिअरनी कायद्याचं जाडजूड पुस्तक उचललं आणि माझ्या तोंडावर मारलं. ओठ फाटला.

"सही कर," ते म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांनीच मला शहाडला पाठवलं होतं. अशिलाच्या जागेवर हौसाबाई नावाची म्हातारी झोपडी बांधून राहायची. जागेचा ताबा शांततेत घेतला जातोय, एवढं बघून यायचं होतं. मी बघितलं ते असं: याच दोन माणसांनी तिला केस धरून बाहेर ओढलं. तिने उंबरा सोडला नाही, तेव्हा एकाने हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि टेबलावरच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, म्हातारीने राजीखुशीने जागा सोडली. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"हे खोटं आहे, सर. मी सही करणार नाही," एवढंच मी म्हटलं होतं.

अशील हसला होता. "काय ओ वकीलसाहेब, गटार काढणारीची पोरगी आत्ताच जज झाली काय?"

माझी आई डोंबिवलीत सफाई कामगार होती. हे त्याला सिनिअरशिवाय कोण सांगणार? त्यावर पुस्तक बसलं.

रक्त कुर्त्यावर उतरलं. मी रडत आतल्या बेसिनकडे वळले. मागून सिनिअरचा शांत आवाज आला.

"तिथे नको. बाहेरच्या नळावर. नेहमीप्रमाणे."

नेहमीप्रमाणे. बाकीचे ज्युनिअर आत हात धुवायचे. मला पहिल्याच दिवशी बाहेरचा नळ दाखवला होता आणि मी मुकाट जात होते. संविधान शिकले होते, तरी जात होते.

रडणं थांबलं. मी आत गेले. त्यांच्या बेसिनमध्ये रक्त थुंकले. त्यांच्या टॉवेलने तोंड पुसलं. सही केली नाही. तिथून सरळ पोलिसांत गेले आणि हौसाबाईच्या बाजूने जबाब दिला.

त्या दोघांनी मला दिवा स्टेशनजवळच्या वस्तीत गाठलं. पाण्याच्या टँकरसाठी रांग लागलेली. हंडे घेतलेल्या बायकांसमोर मला खाली पाडून पोटात लाथा घातल्या. "आता दे साक्ष." बरगडी मोडली. मी साक्ष दिली.

खालच्या कोर्टाने दोघांना शिक्षा केली. अपिलात ते सुटले. निकालात माझ्याबद्दल एक परिच्छेद होता: ही साक्षीदार हितसंबंधी आहे, तिचं सिनिअरशी वैर आहे, तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. ते लिहिणाऱ्या न्यायाधीशांनी मला कधी बघितलं नव्हतं. अपिलात साक्षीदार उभा राहत नाही. कागद वाचतात. कागदावर माझा ओठ फाटलेला दिसत नव्हता. वैर तेवढं दिसत होतं.

बार असोसिएशनमधले वकील सांगायचे, "अगं, सरांची माफी माग, विषय संपव." मी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसले. मला तीच खुर्ची हवी होती.

आता अपिलं माझ्यासमोर येतात. मध्यंतरी एक आलं. वीटभट्टीच्या मालकाने एका मजुराचं डोकं सळईने फोडलेलं. बघणारा एकच, त्याच भट्टीवरचा दुसरा मजूर.

"मॅडम, साक्षीदार हितसंबंधी आहे," मालकाचे वकील म्हणाले. "मालकाने त्याला कामावरून काढलंय. वैर आहे."

"कधी काढलं?"

त्यांनी कागद चाळले. "पोलिसांत जबाब दिल्यावर, मॅडम. पण तो मुद्दा नाही. पुढे जाऊ या?"

"नाही. तेच मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं. बाकीचा पुरावाही मी तपासला. अपील फेटाळलं. दंडाची रक्कम जखमी मजुराला मिळाली. हौसाबाईला काहीच मिळालं नाही. तिचा हात वाकडाच जुळला आणि ती तशीच गेली. तो निकाल मला बदलता येत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात कुजबुजतात, मॅडमना जुना राग आहे. आहे. म्हणून प्रत्येक साक्ष मी दोनदा वाचते. आणि खरं बोलल्याबद्दल ज्याच्याशी वैर धरलं गेलं, त्याला त्याच वैरावरून खोटं ठरवणारं वाक्य माझ्या निकालात कधी येणार नाही.