भाऊजींनी पास केलेली हेबे

देवाने हे जग तयार करून आमच्या भाऊजींपुढे तपासणीला ठेवलं असतं, तर ते अजून मंजूर झालं नसतं. समुद्राला 'खारट आहे, सुधारून पुन्हा सादर करा' असा शेरा मिळाला असता, चंद्राकडून डागांचा लेखी खुलासा मागवला असता, आणि माणसाला तर पहिल्याच फेरीत आल्या पावली परत पाठवलं असतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. अबुधाबीत एका कन्सल्टंट कंपनीत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कॉन्ट्रॅक्टर लोक इमारतीत बसवायला जो माल आणतील, मग तो नळ असो, फरशी असो की एसीचा पाइप, त्याची कागदपत्रं तपासायची आणि वर एक अक्षर टाकायचं. A म्हणजे मंजूर. B म्हणजे मंजूर, पण शेऱ्यांसकट. C म्हणजे सुधारून पुन्हा आणा. आणि D म्हणजे उचला आणि पुन्हा तोंड दाखवू नका. तीस वर्षांत A किती वेळा दिलात, असं मी एकदा विचारलं, तर बराच वेळ आठवून म्हणाले, "दोनदा. त्यातला एक जर्मन व्हॉल्व्ह होता." दुसरा कशाला दिला ते काही केल्या त्यांना आठवेना. ताई समोरच मेथी निवडत बसली होती, तिने मानही वर केली नाही.

ही अक्षरं ऑफिसातच ठेवून घरी यावं, असं त्यांना कधी वाटलंच नाही. ताईच्या पुरणपोळीला दर होळीला C ठरलेला, कारण काय तर कडा कोरड्या. खलिफा सिटीतल्या त्यांच्या व्हिलात कुणी मुक्कामाला राहिलं, की सकाळी चहाबरोबर गादीबद्दल अभिप्राय मागायचे आणि तो तोंडी दिला तर चिडायचे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा बघायला घरच्यांनी यांनाच पाठवलं. तासभर त्याच्याशी बोलून बाहेर आले आणि आईच्या कानात म्हणाले, "B." माझ्या नवऱ्याला हे लग्नानंतर कळलं. पंधरा वर्षं झाली, तो बिचारा अजून विचारतो, "अहो, पण शेरे काय होते?" भाऊजी थंडपणे म्हणतात, "फाइल क्लोज झालीय." आम्ही दर शनिवारी दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधून सव्वा तास गाडी हाकत त्यांच्याकडे जेवायला जायचो, तर दारातच आमच्या टायरांकडे बघून आधी "C" म्हणायचे आणि मग "या" म्हणायचे. मी भांडायचे, तणतणायचे, एकदा तर भरल्या ताटावरून उठले होते. पण खरं सांगायचं तर हा माणूस मला फार आवडतो, आणि हे आजवर मी त्यांना कळू दिलेलं नाही.

आता ताईचं सांगते. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागून C ऐकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा तिने विचार केला असावा. तर सहा वर्षांपूर्वी ही दोघं न्यूझीलंडच्या सहलीला गेली. तिथे एका गेस्ट हाउसला झुडपांचं कुंपण होतं. कंबरेइतकं उंच, चकचकीत हिरव्या पानांचं, आणि त्यावर बाटली धुवायच्या ब्रशसारखे निळे-जांभळे तुरे. ताई त्याच्यासमोर जी उभी राहिली ती हलेचना. अख्खी बस खोळंबली, गाइड हाका मारून दमला. शेवटी भाऊजी तिला न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आपल्या घराला असं कुंपण हवं." भाऊजींनी मालकाला झाडाचं नाव विचारलं. तो म्हणाला, हेबे. कुठली जात? तो म्हणाला, काय माहीत, हेबे म्हणजे हेबे. परत आल्यावर कितीतरी दिवस भाऊजी दोनच गोष्टी सांगत होते. एक, बायकोने काहीतरी मागितलं. दुसरी, त्या देशात माणसं मालाचं नावसुद्धा न विचारता कुंपण लावतात!

हेबे हे थंड हवेचं झाड आणि अबुधाबीचा उन्हाळा म्हणजे पेटलेला तवा. शहाण्या माणसाने इथेच "खलास" म्हणून विषय सोडला असता. पण भाऊजींनी लॅपटॉप उघडला. हेबेच्या शेकडो जाती निघाल्या, आणि त्या सगळ्या त्यांनी एका एक्सेल शीटमध्ये बसवल्या. पानाचा आकार, फुलाचा रंग, उंची, ऊन सोसण्याची ताकद, खारं वारं सोसण्याची ताकद, आणि सगळ्यात शेवटचा रकाना, 'सौ.चा अभिप्राय'. ताई प्रत्येक फोटो बघून "छान आहे" म्हणायची आणि भाऊजी प्रत्येक ओळीत इमानदारीने 'छान आहे' टाइप करायचे. मी एकदा 'ऑटम ग्लोरी' नावाची जात सुचवली, तर उसळून म्हणाले, "जिथे ऑटमच नाही तिथे ग्लोरी कसली? D!" हिवाळ्यात इथल्या नर्सऱ्यांमध्ये परदेशातून रोपं येतात. पहिल्या वर्षी त्यांनी बारीक करड्या पानांची 'विरी मिस्ट' आणली, कागदोपत्री ती म्हणे कमी पाण्यावर तगते. जून उजाडेपर्यंत तिचे कुरमुरे झाले. दुसऱ्या वर्षी रुंद पानांची, समुद्रकाठची जात आणली. ती जुलै काढून ऑगस्टच्या दमटपणात काळी पडली. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही तेच झालं, फक्त जाती बदलल्या. मेलेल्या प्रत्येक झाडाचा भाऊजींनी फोटोसकट अहवाल लिहिला आणि तो ताईला वाचून दाखवला. अहो, कुणाचं दुःख कमी करायची ही काय तऱ्हा झाली?

मग आलं शेवटचं वर्ष. सव्वा वर्षाने येणाऱ्या फेब्रुवारीत भाऊजी रिटायर व्हायचे होते. व्हिला कंपनीचा, व्हिसा कंपनीचा, त्यामुळे नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. म्हणजे ताईचं कुंपण व्हायचं असेल तर हाच हिवाळा आणि हाच उन्हाळा. त्या डिसेंबरात आम्ही सगळे नर्सरीत गेलो. तिथे गुहागरकडचे दत्तूकाका कामाला होते, आणि चार वर्षांत ते भाऊजींना चांगले ओळखून चुकले होते. भाऊजी शीट हातात धरून लेबलं वाचत पुढे गेले. मागे वळून बघतात तर ताई कोपऱ्यातल्या, हेबेची रोपं भरलेल्या एका पेटीसमोर उभी, न्यूझीलंडात उभी राहिली होती अगदी तश्शी.

"हीच," ताई म्हणाली.

भाऊजी आले. लेबल उलटंसुलटं करून पाहिलं. "काका, याच्यावर जात लिहिलेली नाही."

"नाय सायब. पेटीवर नुस्तं 'मिक्स' लिवलंय. कोन कुठली, कोन सांगनार? पन मरायची नाय. तुमी लोक पानी घालून घालून मारता. कमी घाला, बस."

"डेटाशीट?"

"डेटाशीट कसली सायब, झाड हाय ते!"

नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. आम्हाला वाटलं, झालं, आता D येणार आणि ताई निमूटपणे गाडीत जाऊन बसणार. भाऊजी त्या पेटीकडे बघत राहिले, मग ताईकडे बघत राहिले. ज्या माणसाने कागदाविना कधी खिळा पास केला नाही, त्याने खिशातून पेन काढलं, शीटच्या तळाशी नवी ओळ आखली, जातीचा रकाना कोरा सोडला, आणि पुढे ठसठशीत A लिहिला. खाली सही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दत्तूकाकांना त्यातलं काही कळलं नाही, ते म्हणाले, "अकराच्या अकरा देऊ काय?"

अकरा हेबे अकरा कुंड्यांत लागल्या आणि कुंड्यांना चाकं लागली. उन्हाळ्यात इथे दुपारी साडेबारा ते तीन कुणालाही उघड्यावर कामाला लावायचं नाही, असा सरकारी नियम आहे. भाऊजी म्हणाले, "हेबेसुद्धा उघड्यावरच ड्यूटी करते." झालं! रोज बारा पंचविसाला ऑफिसातून फोन यायचा, "यल्ला, चला, ब्रेक टाइम!" आणि ताई एकेक कुंडी ढकलत मोलकरणीच्या रिकाम्या खोलीत, एसीत न्यायची. शनिवारी ते काम आमच्या अंगावर. माझी लेक मला विचारायची, "मम्मा, व्हाय डू द प्लांट्स गेट अ ब्रेक अँड वी डोन्ट?" पाणी घालायलाही परवानगी लागायची. एकदा ताईने मायेपोटी चोरून तांब्याभर घातलं. भाऊजींनी कुंडीत बोट घालून ते ओळखलं आणि दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. दरवर्षी जुलैत दोघं महिनाभर भारतात जायची. त्या वर्षी भाऊजींनी रजाच रद्द केली. ऑफिसात लोकांना वाटलं, यांच्या घरी काहीतरी गंभीर आहे.

ऑगस्टमध्ये दोन गेल्या. उरलेल्या नऊंची पानं पिवळी पडून गळायला लागली. त्या शनिवारी मी आणि भाऊजी कुंड्या आत ढकलत होतो. ते घामाने निथळत होते, चेहरा लालबुंद झाला होता. ताई दारात येऊन म्हणाली, "अहो, पुरे झालं. मला नको ते कुंपण. उद्या तुम्हालाच काही झालं म्हणजे?" भाऊजी थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बत्तीस वर्षांत तू एकदा मागितलंस. एकदा." आणि पुढची कुंडी ढकलायला लागले. ताईने पदर खोचला आणि पलीकडून हात लावला. त्यांच्या पाठीमागे उभी राहून मी मुकाट्याने डोळे पुसले.

जानेवारीत एका सकाळी साडेसहाला फोन. "ताबडतोब या. सगळे या." आम्हाला वाटलं, ताईला काहीतरी झालं. नवऱ्याने गाडी अशी पळवली की विचारू नका. पोचलो तर फाटक सताड उघडं, आणि आत नऊच्या नऊ हेबे एका रांगेत, चाकं काढून, पानापानातून निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी लगडलेल्या! कुंपण, अगदी कुंपण! भाऊजी इस्त्रीच्या सदऱ्यात, पायांत मात्र साइटवरचे बूट घालून उभे. ताईने नथ घातली होती. शेजारची इजिप्शियन बाई फोटो काढत होती. आणि खुर्चीवर, पांढऱ्या शर्टात अवघडून, दत्तूकाका बसले होते. पहाटे भाऊजी स्वतः जाऊन त्यांना गाडीतून घेऊन आले होते. सगळे जमल्यावर भाऊजींनी अबुधाबीच्या उन्हात त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि चार वाक्यांचं भाषण केलं. तीस वर्षांत असा सप्लायर मिळाला नाही, असं ते त्यात म्हणाले. दत्तूकाका उठून एवढंच म्हणाले, "मी काय केलं? मी नुस्ती विकली. जगवली वयनींनी आन सायबांनी." आम्ही अशा टाळ्या पिटल्या की समोरच्या व्हिलातली माणसं गच्चीवर आली. त्या दिवशी ताईने पुरणपोळ्या केल्या होत्या. भाऊजींनी चार खाल्ल्या आणि कडांबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मुद्दाम विचारलं, "काय भाऊजी, आज C नाही?" तर म्हणाले, "आज ऑफिस बंद आहे." जगात जिंकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या सकाळसारखा चेहरा कुणाचा पाहिला नाही.

महिन्याभरात सामान बांधलं गेलं. न्यायचं काय आणि ठेवायचं काय यावर रोज वाद झाले, हेबेवर मात्र झाला नाही. ती शेजारच्या बाईंच्या स्वाधीन केली, तेरा पानी सूचनांसकट. बाई हसून म्हणाल्या, "इन्शाल्ला." कॉन्ट्रॅक्टर इन्शाल्ला म्हणाला की काम होणार नाही असं भाऊजी आम्हाला नेहमी बजावत आले होते, पण त्या दिवशी त्यांनी त्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला. शेवटचं म्हणून ताईने प्रत्येक झाडावरून हात फिरवला. रडली नाही. रडले मी, आणि तेही असं ढसाढसा की तिलाच माझी समजूत काढावी लागली.

आता दोघं वाईला असतात. छोटं घर आहे, पुढे मोकळी जागा आहे. जवळच पाचगणी, आणि तिथल्या एका नर्सरीत हेबे मिळते असं मला कुणीतरी सांगितलं. तिथली हवा चांगली, ना एसीची खोली लागणार ना दुपारची सुट्टी. मी उत्साहाने फोन केला आणि म्हटलं, "ताई, आता सगळ्या घराभोवती लाव!" ती म्हणाली, "नको गं. इथे काय, कुणाच्याही दारात येईल ती. तिथे यांनी माझ्यासाठी जगवली होती."

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. नवरा आतून विचारत होता, आज जेवायचं काय. शनिवार होता, आणि आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.